दोनाची एक

...न्हाई, तुमीच सांगा, फोटो काढायला घाई कशाला पायजे? समोरचं माणूस काय पळून चाललंय? पण आमच्या घरात मी कॅमेरा डोळ्याला लावला रे लावला की आमची मंडळी, जयमाला, सुरू! "आवरा की लवकर, उभं राहून राहून पाय सुजले!" अगं बाई, पण दोनाची एक तर हू दे!

आता दोनाची एक म्हंजे काय, ते सांगतो. माझा कॅमेरा जुना. मामानं दिल्याला. खिशात मावतो, पण मावला की खिसा लोंबतो, असला जड! त्याला सेल न्हाई, फ्लॅश न्हाई, काय न्हाई. वरच्या खिडकीतून बघितलं की मधोमध एक पिवळसर चौकोन दिसतो, अन् त्या चौकोनात माणूस दोनदा दिसतं. एक खरं, एक त्याचं भूत! मग रिंग हळूहळू फिरवायची, भूत सरकत सरकत माणसात जाऊन बसतं... बसलं, दोनाची एक झाली, की दाबायचं. टिक्. बास! मांजर शिंकलं तरी याच्यापरीस मोठ्यानं शिंकंल.

तर झालं काय, आमच्या थोरल्या पोरीला, यशोधराला, नागपूरला नर्सिंगला नंबर लागला. घरात पेढे वाटले, रडारड झाली, सगळं झालं, अन् पोरगी म्हणती, "पप्पा, मला जाताना आजीचा फोटो पायजे. डोळे उघडे असल्याला!" आता ही काय अट? तर आमची आई, आक्काबाई, हिचा आख्ख्या जन्मात धड फोटो न्हाई. कुणाच्याबी लग्नाचा अल्बम उघडा, आई हाय, डोळे न्हाईत! फ्लॅशचा लख्ख उजेड पडला की मिटलेच!

तेवढ्यात आमचे मेव्हणे आले, नितीन. गळ्यात नवा कोरा कॅमेरा. "जयभीम दाजी! तुमचं ते डबडं ठेवा बाजूला. ह्यात बघायचं न्हाई, फिरवायचं न्हाई, दाबलं की झालं!" दाबलं. लख्ख! आईचे डोळे बंद. परत दाबलं. बंद! "मावशी, डोळे उघडे ठेवा हो!" मग आईनं असले वटारले, असले वटारले, की नितीनच मागं सरकला. म्हणला, "दाजी... हा फोटो घेऊन पोरगी हॉस्टेलात झोपंल का?"

मग मी आपलं डबडं काढलं. आईला ओट्यावर उन्हात बसवलं, पुढ्यात सूप दिलं, मटकी निवड म्हणलं. यशोधरा माझ्या खांद्यामागं उभी. मी फिरवतोय रिंग... दोनाची एक हुयाला आली की आई हलली! परत दोन.

"भीमा, काय बघतुयास रं एवढं?"

"आई, तू दोन दोन दिसतीस."

"दोन? एकीचं ऐकत न्हाईस, दुसरी कशाला रं?"

सगळे हसले. मी न्हाई हसलो. हसलो की हात हलतो, अन् पोरगी सकाळच्या गाडीनं जानार हुती. हिथं चुकलं तर परत कवा काढायचा? आई थकली हुती, तुमाला सांगतो. कुणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांना दिसत हुतं.

बसून बसून आई कॅमेरा इसरूनच गेली. मटकी निवडता निवडता माझ्या खांद्यावरनं पोरीकडं बघून म्हणली, "यशू, तिकडं उपाशी राहू नको. कुणी बोललं तर खाली मान घालू नको. माझी मान लई वर्सं खालीच गेली बग. तू पांढरा डगला घालशील, तवा अशी... अशी वर ठिव!" अन् तिनं स्वतःचीच मान वर केली. अन् त्याच टायमाला भूत सरकत आलं, आईत बसलं. दोनाची एक! टिक्.

"आरं, काढतुयास का न्हाई मग?"

"काढला की."

"कवा?"

रोल अर्धाच झाल्याला, तसाच काढून नगरला स्टुडिओत दिला अन् फोटो नागपूरला पाठवला. मान वर, डोळे टक्क उघडे, हातात मटकी! एसटीडी बूथवरनं पोरीचा फोन आला, पैलं तर नुसती रडलीच. मग म्हणली, "पप्पा, आजी उशाशी लावली. आता तुमचाबी पाठवा."

आता माझा कोण काढनार? जयमालाला शिकवलं. मी गोठ्यापुढं उभा, ती फिरवतीय, फिरवतीय... ऊन डोक्यावर आलं. "अगं, आवर की, पाय सुजले!" मीच म्हणलो हो! तर म्हणती, "थांबा, दोनाची एक तर हू द्या!"

फोटो आला. मी म्हंजे निस्ता धूर. अन् मागं गोठ्यातली म्हैस... केस मोजून घ्या! "अगं, हे काय?" तर म्हणती, "म्हशी दोन दिसत हुत्या, मी एक केली. तुमीच सांगितल्यालं!"

तोच पाठवला, दुसरा कुठं हुता? पोरीचा फोन. "पप्पा, म्हैस लई झकास आली! पण मैत्रिणी इचारत्यात, पुढं धुरात कोण उभंय?"

काय सांगायचं, तुमीच सांगा! म्हणलं, "सांग त्यांना... म्हशीचा मालक हाय."