दुसरा डबा शेवटी

—साडेअकरा. सकाळचे साडेअकरा, रविवार, आठ मार्च. प्लेव्हेनचा मॉल, तिसरा मजला, चार नंबरचा पडदा. लिहिलंस? मग हेही लिही की म्हातारा शुद्धीत होता, दारू प्यालेला नव्हता, सकाळी दही-पाव खाऊन पहिल्या बसने आला होता. उद्या तुमचे साहेब लोक म्हणतील, निकोपोलहून आलेला तो शहात्तर वर्षांचा पिऊन बरळला. नाही. मी उभा राहिलो आणि म्हणालो, ‘खोटं आहे हे!’ एकदाच नाही, तीनदा म्हणालो. पोरं रडली, तेही लिही. पहिल्या रांगेतली एक चिमुरडी बापाला विचारत होती, आजोबा का ओरडतायत म्हणून — ते मी ऐकलं. त्या पोरीची माफी मागायची असेल तर मागतो. तुझ्या कंपनीची मागणार नाही, तो माफीचा कागद आधी पर्समध्ये ठेव.

बस गं, बस. तुझ्यावर राग नाही माझा. तू पगारी माणूस, तुला पाठवलं म्हणून आलीस. चहा घे. त्या बाहुल्याला मात्र टेबलावरून उचल — हो, तोच, तुमचा लोकरीचा करकोचा. असले डोळे असतात करकोच्याला? बशीएवढे, पापण्यांसकट! मूळ सिनेमात पिल्लाचा डोळा म्हणजे एक काळा ठिपका होता, बस. शाईचा एक ठिपका, आणि त्या ठिपक्याने आमचं अख्खं सभागृह रडवलं होतं. आता तुमच्या नव्या सिनेमात एकेक पीस संगणकावर मोजून काढलंय म्हणे. मोजा! तुमचा करकोचा बोलतो, नाचतो, टीव्हीवरच्या त्या विनोदवीराच्या आवाजात ढेकर देतो. मूळ सिनेमात कुणी एक शब्द बोलत नाही, माहीत आहे तुला? फक्त चोच वाजते. टक-टक-टक-टक. आमची पोरं घरी जाताना रस्ताभर तोंडाने तो आवाज काढत जायची, बायका खिडक्यांतून ओरडायच्या, पुरे करा रे. आणि ते हिमवादळ! आई-करकोचीण पिल्लासाठी मागे राहते, त्याचा पंख मोडलाय म्हणून, बाकीचा थवा निघून जातो, आणि मग बर्फ — अकरा मिनिटं चालतं ते वादळ. मी मोजलेली आहेत. तुम्ही दोन मिनिटांत उरकलंत. का, तर पोरं घाबरतात! अगं, घाबरायलाच तर यायची. दोनशे पोरं, हातात सूर्यफुलाच्या बियांचे पुडे, आणि वादळ सुरू झालं की बिया फोडायचा आवाज बंद. एकदम बंद. मशीनच्या खोलीत मला ते कळायचं, पडदा न बघता.

काय? — हो, पंचवीस वर्षं मीच. वाचनगृहाच्या सभागृहात सिनेमा, रविवारी सकाळी दहाला मुलांचा खेळ. वर मी, खाली दारात तिकिटं फाडायला एक पाय आखडलेली मारिइका. सिनेमाची प्रत एकच, गावं दोन. आमच्याकडे दहाला, गुल्यान्त्सीला साडेदहाला, असं. एक डबा, म्हणजे एक रीळ, दाखवून झाला की दुसरं गाव तो लावणार, मधे मेतोदी त्याच्या साइडकारच्या मोटरसायकलवर डबे पोचवत फिरायचा. पंचवीस किलोमीटर, कधी चिखल, कधी धुकं. तू हसतेस, पण असाच चालायचा सगळ्या जिल्ह्यात सिनेमा. करकोच्याचा सिनेमा चार डब्यांचा. पहिल्यात घरटं. दुसऱ्यात आई पिल्लाला उडायला शिकवते — डॅन्यूबवरून दोघं उडतात, खाली सूर्यफुलांची शेतं, सगळं पिवळं. तिसऱ्यात वादळ, आई जाते ती येत नाही. चौथ्यात वसंत, थवा परततो आणि पिल्लू धुराड्यावर एकटं उभं. टक-टक. संपला. आई मरते, पोरी. मूळ सिनेमात आई मरते आणि मेलेलीच राहते. ज्या माणसाने तो काढला त्याने तो तसाच काढला. तो जाऊन वीस वर्षं झाली, तर तुम्ही त्याची मेलेली आई उठवलीत, तिच्या गळ्यात गाणं घातलंत, आणि मुहूर्त कुठला धरलात, तर आठ मार्च! आयांना फुलं द्यायचा दिवस. शिसारी आली मला. आणि वर तो लाह्यांचा डबा, बादलीएवढा, त्याच्यावर लाल अक्षरात छापलेलं — ‘आमच्या सिनेमात आई परत येते.’

ते वाक्य कुणाचं आहे?

माहीत आहे मला. तू पत्र बाहेर काढायच्या आधीपासून माहीत आहे. काल तुमच्या त्या पोऱ्याने बादली माझ्या मांडीवर ठेवली आणि मी चष्मा लावून वाचलं, तेव्हाच कळलं. मला वाटलं होतं, जुना ऑपरेटर म्हणून बोलावलंय, सन्मान वगैरे. मूर्ख माणूस, नवीन शर्ट घालून आलो. — दे इकडे ते पत्र. अक्षर तिचंच आहे. ‘वि’ बघ, माझी पोरगी विह्रा अशी सही करताना पहिलं अक्षर नेहमी मोठं काढते. पाच वर्षं झाली, परदेशात आहे, वॅलेन्सियात, तिथल्या म्हाताऱ्यांना आंघोळी घालते. मला फोन करते नाताळला आणि माझ्या नामदिनाला, नावाच्या सणाला. औषधं घेतोस का? घेतो. लाकडं आहेत का? आहेत. झालं. आणि तुम्हाला दोन पानं लिहिते! तुम्ही जाहिरात दिलीत, लहानपणच्या सिनेमाच्या आठवणी पाठवा, पुस्तक काढतोय, आणि तिने पाठवली. ‘माझे वडील सिनेमा दाखवायचे. बाकी देशात त्या करकोच्याची आई मरायची, आमच्या सिनेमात परत यायची.’ आणि तुमच्या लोकांना वाटलं, वा, प्रेक्षकांच्या मनातला शेवट! प्रेक्षकांच्या मनातला! अगं, तो शेवट एका मोटरसायकलच्या पंक्चरमुळे झालेला आहे.

हो. नऊ मार्च एकोणीसशे शहाऐंशी, रविवार. त्या दिवशी पहिला खेळ गुल्यान्त्सीत होता, डबे तिथून यायचे. पहिला आला, मग तिसरा-चौथा एकदम आले बसने, आणि दुसरा मेतोदीच्या साइडकारमध्ये रस्त्यात अडकलेला. पोरं पाय आपटायला लागली. दोनशे पोरांनी लाकडी जमिनीवर पाय आपटले की वर मशीन हलतं. मारिइका खालून ओरडली, ‘अरे स्तामेन, लाव काहीतरी, नाहीतर खुर्च्या मोडतील!’ मी तिसरा लावला. मग चौथा. पिल्लू धुराड्यावर एकटं, टक-टक, आणि तेवढ्यात मेतोदी जिना चढून धापा टाकत आला, डबा हातात. मी दिवे लावायला पाहिजे होते. लावले नाहीत. दुसरा डबा लावला. झालं — वादळानंतर, सगळ्यानंतर, आई आणि पिल्लू नदीवरून उडतायत, खाली सगळं पिवळं. सभागृहात असा आवाज उठला म्हणून सांगतो, पंचवीस वर्षांत ऐकला नाही. कुणी तरी ओरडलं, ‘पिल्लू लहान कसं झालं?’ आणि तिसऱ्या रांगेतून आमच्या विह्राने खणखणीत उत्तर दिलं, ‘आई आली ना! आईजवळ सगळेच लहान होतात!’

सहा वर्षांची होती. चार महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने बोलली.

चार महिन्यांत म्हणजे — तिची आई नव्हती ना. दोब्रिना सोफियाला होती, इस्पितळात. नाही, म्हणजे आधी होती. नोव्हेंबरातच गेली ती, रक्ताचा आजार. तिकडून थेट तिच्या माहेरी त्रोयानजवळ पुरली. विह्रा त्या तीन दिवसांत मारिइकाकडे होती. मी परत आलो, पोरगी दारात उभी, विचारते, आई कधी येणार? मी म्हणालो — तू लिहू नको हे — मी म्हणालो, वसंतात. करकोच्यांबरोबर.

काय सांगणार होतो? तुला पोरं आहेत? नाहीत. मग गप्प बस.

सगळ्या गावाला माहीत होतं. मी दारोदार गेलो, हात जोडले, पोरीसमोर बोलू नका, मला सवड द्या. आणि दुखवट्याचं पत्रक लावलं नाही. तुला कळतंय ना? आपल्याकडे माणूस गेलं की दारावर, खांबावर, बसथांब्यावर फोटोचं पत्रक, चाळीस दिवसांनी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा, वर्षाला पुन्हा. मी एकही लावलं नाही. माझी सासू मला म्हणाली, बायकोला कुत्र्यासारखं पुरलंस. ऐकून घेतलं. आणि मार्चात हे असं झालं, चुकून. मग पुढचं चुकून नव्हतं. मे महिन्यात तो सिनेमा परत आला, सप्टेंबरात परत. डब्यावर आकडे असतात ढळढळीत. एक, तीन, चार, दोन — असाच लावला, मुद्दाम. मेतोदीने पाहिलं आणि डबे उचलून निघाला. एक शाळामास्तर तेवढा आला वर, म्हणाला, ‘स्तामेन, ही फसवणूक आहे.’ मी म्हणालो, ‘मास्तर, तिकिटाचे पैसे परत देऊ?’ खाली उतरून गेला. फसवणूकच होती. तेव्हा काल तुमच्या सिनेमात ती करकोचीण ढगांतून गात-गात खाली आली ना, तर सगळ्यांत जुना चोर त्या खोलीत मीच होतो. फरक एवढाच की मी एका पोरीसाठी केलं आणि तुम्ही बादल्या विकायला.

तुझ्या हातावर मार्तेनित्सा आहे, मार्चचा धागा. करकोचा दिसला नाही ना अजून? दिसला की सोडशील, फांदीला बांधशील, संपलं. विह्राने त्या वर्षी एक मार्चला लाल-पांढरा धागा बांधला. मार्च संपता संपता करकोचे आले, आमच्या चर्चच्या घुमटावर दरवर्षी उतरतात. सगळ्या पोरांनी धागे सोडले. तिने नाही सोडला. म्हणाली, ‘आपला अजून आलेला नाही.’ एप्रिल, मे, उन्हाळा. धागा मळून काळा पडला, आंघोळीतही सोडेना. ऑगस्टात करकोचे परत निघाले दक्षिणेला, ती घुमटाकडे बघत उभी, धागा हातावर. सप्टेंबरात पहिलीत गेली तर शाळेत पोरं हसायची. बाईंनी विचारलं तर म्हणाली, ‘बाबांच्या सिनेमात उशिरा येते, शेवटच्या डब्यात.’

मी तरीही सांगितलं नाही. आज सांगीन, उद्या सांगीन. अक्षरं लागली तिला पटापट, ऑक्टोबरात पाट्या वाचायला लागली — बेकरी, टपाल, प्रवेश बंद. रस्त्याने चालताना एकेक अक्षर जोडून मोठ्याने. मला कौतुक वाटायचं. मी माझ्या डोळ्यांनी बघत होतो आणि मला सुचलं नाही, बघ.

सोळा नोव्हेंबर. रविवार. दोब्रिनाला जाऊन वर्ष झालं होतं बरोबर. करकोच्याचाच सिनेमा होता, मी वर डबे लावत होतो, साडेनऊ असतील. विह्रा जिना चढून आली. एरवी धावत यायची. टेबलावर रीळ कापायची कात्री होती, ती घेतली, मनगटावरचा धागा कापला आणि डब्याच्या झाकणावर ठेवला. म्हणाली, ‘बाबा, आज दुसरा डबा दुसराच लाव.’ बस. खाली जाऊन तिसऱ्या रांगेत बसली. मी लावला. एक, दोन, तीन, चार. पिल्लू धुराड्यावर एकटं राहिलं, दिवे लागले, आणि दोनशे पोरांनी दंगा केला — आई कुठंय, आमची आई दाखवा, चोर, चोर! ती एकटी बसून बिया फोडत होती. आम्ही दोघं त्यावर आजतागायत बोललेलो नाही. एक शब्द नाही. आणि आता ती तुम्हाला लिहिते, आमच्या सिनेमात आई परत यायची. हे काय आहे? मला माफी आहे की थोबाडीत आहे? तू शिकलेली आहेस, तू वाचलंस, तुला काय वाटतं? — माहीत नाही ना. मग लाह्यांच्या बादलीवर कशाला छापलंत?

नाही, सही करत नाही. ऊठ, तुझी बस वीस मिनिटांनी आहे. बाहुला घेऊन जा. मी तुमच्या सिनेमाच्या सोफियातल्या सोहळ्याला येणार नाही, विह्रा येणार असली तरी — येणार आहे? तिने तसं कळवलंय? कधी? — असू दे. असू दे, सांगू नको. जा.

थांब. एवढं मात्र लिहून ने, तुमच्या आठवणींच्या पुस्तकात छापा वाटलं तर. त्या रविवारी खेळ संपल्यावर मी खाली आलो तेव्हा सिनेमाच्या दारावर, करकोच्याच्या चित्रावर, पत्रक चिकटवलेलं होतं. खळीने, पोराच्या डोळ्यांच्या उंचीवर. विह्रा सकाळी त्याच दारातून आत आली होती. दोब्रिनाचा फोटो, वर्षश्राद्धाची तारीख, खाली ‘दुःखी कुटुंबीय’. कुटुंबीय म्हणजे मीच, आणि मी ते छापलं नव्हतं. सासूने मरताना शपथ घेतली, ‘मी लावलं नाही.’ मारिइकाने नाही, मेतोदीने नाही, मास्तरने नाही. ते पत्रक दारावर कुणी लावलं, ते चाळीस वर्षं झाली तरी गावात कुणीही सांगितलेलं नाही.