रांगोळीने घासलेलं नाणं

लक्ष्मीचं तर मला सांगूच नका! दिल्लीत मयूर विहारला राहायला आलो त्या वर्षी यांना आणि शेजारच्या बग्गाजींना ऑफिसात एकसारखं चांदीचं स्मारक नाणं मिळालं. पुढे कळलं, तसली नाणी थोडीच निघाली होती, म्हणून जुनी नाणी जमवणारे शौकीन लोक भरपूर पैसे देतात. मी आणि बग्गाआंटी नाणी घेऊन जुन्या नाण्यांच्या दुकानात गेलो. त्यांचं काळंकुट्ट नाणं बघून दुकानदार एकदम खूश. माझं लखलखीत नाणं बघून म्हणाला, "इसको क्या किया?"

मी ऐटीत म्हटलं, "हर दिवाली रांगोलीसे घिसती हूँ!"

"टकसाल की असली चमक घिस गई, बहनजी. अब सिर्फ चांदी के भाव जाएगा."

सासूबाई जन्मभर सांगायच्या, लक्ष्मी स्वच्छ घरात येते. येते हो, पण राहते बग्गाआंटींकडे!