सौदामिनीबाईंची चक्कर

डब्याचं झाकण फरशीवर खणकन पडलं, तशी नांदेडच्या त्या गॅरेजात बाकावर पेंगणारी अलीझा जागी झाली. उजमानं झाकण उचललं, पण लेकीसारखेच तिचेही कान समोरच्या लाल गाडीकडे लागले. तिथं गाडीमालक राघवेंद्र, त्याची आई सौदामिनीबाई आणि उजमाचा नवरा रियाज मिस्त्री बोलत होते.

"रियाजभाई, आई या गाडीतून लातूरला यायलाच तयार न्हाई. मृण्मयी कोचिंगला गेल्यापासून आजीची वाट बघून राहिली."

"मावशी, नातीपेक्षा गाडीचा राग मोठा हाय का?"

"गाडी कुठली, सूप हाय ते! पाखडून काढतंय मला."

"साहेबांनी उंची कमी करून गाडी खाली बसवली अन् शॉकअपचे माउंट, धक्का झेलणारे रबर, जुनेच ठेवले. धक्का सरळ मावशीच्या पाठीत."

"खाली बसवली की भारी दिसते, भाई."

"बेडूक दिसतंय बेडूक! भूकंपाच्या पहाटे किल्लारीत माझी खाट अशीच थरथरली होती."

"आई, त्याला किती वर्षं झाली!"

"झाली असतील तुझ्यासाठी."

"मावशी, आता नवे माउंट टाकलेत, चांगल्या जाड रबराचे. एक चक्कर मारून तर या."

मायलेक चक्कर मारून आले. राघवेंद्रनं गाडी बंद केली आणि तो खाली उतरला.

"बोला मावशी, हललं काही?"

"न्हाई रे बाबा. लई मऊ झाली."

"मग उद्या लातूर, आई?"

"येते की. पोरीसाठी लाडू करून ठेवलेत."

रियाज हसत हात पुसायला गेला. सौदामिनीबाई आत तशाच बसून होत्या, खिडकीवरचं हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरून.

"अम्मी, गाडी तर उभी आहे," अलीझानं विचारलं, "मग आजी अजून धरून का बसल्या?"