आखडलेली मान

डॉक्टर: आधी उशी, मग गार वारं, आता वाकडं झोपलो. काका, सकाळपासून कारणं बदलताय तुम्ही.

शिंपी: मशीनवर वाकून जन्म गेला. मान दुखणारच.

डॉक्टर: नुसत्या दुखण्याचं नाही हे. मानेतून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून फाटलीय. तिथे गुठळी झाली, तिचा तुकडा वर गेला. म्हणून एकाचे दोन दिसले, तोल गेला. कुणी मान पिरगाळली होती का?

शिंपी: माझ्याशी कोण मारामारी करतंय?

डॉक्टर: मारामारी नाही म्हणत मी. बरं वाटावं म्हणून कुणी झटका दिला असेल. पुन्हा तसा बसला तर वाचालच असं नाही.



शिंपी: न्हावी. केस कापून झाले की हनुवटी धरतो आणि कडकन वळवतो. दोन्ही बाजूंना. पोलिसांत देणार त्याला?

डॉक्टर: नाही हो. पण मान पुन्हा कुणाच्या हातात द्यायची नाही.

शिंपी: डोक्यावर केस किती उरलेत, बघताय ना? कापायला काय आहे त्यात? मी दर आठवड्याला जातो ते मानेसाठीच.

डॉक्टर: इतकी आखडते?

शिंपी: कधी आखडते, कधी नाही. बायको गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही. गिऱ्हाईकं मापं देतात नि जातात. हा विचारतो, आज फार आखडलीय का? मी म्हणतो, फार. मग अर्धा तास सोडत नाही मला. आता काय सांगून जाऊ?

डॉक्टर: गप्पा मारायला जा.

शिंपी: काम नसताना दुसऱ्याच्या दुकानात बसायचं? माझ्याकडे असं कुणी बसलं तर मीच मनात शिव्या घालतो.

डॉक्टर: पण त्याला सांगायला हवं. उद्या दुसऱ्या कुणाची मान धरेल.

शिंपी: फार मनाला लावून घेईल हो. मला तोंडही दाखवायचा नाही.

डॉक्टर: मी सांगू?

शिंपी: नको. माझ्याच तोंडून ऐकू दे.

डॉक्टर: बाहेर बाकावर एक गृहस्थ सकाळपासून बसलेत. नातेवाईक का विचारलं, तर म्हणाले, तसं काही नाही.

शिंपी: टक्कल आहे?

डॉक्टर: पूर्ण.

शिंपी: तोच. न्हावी असून टकला, म्हणून चिडवतो मी त्याला.

डॉक्टर: पाठवू आत?

शिंपी: पाठवा. सांगतो, आजच सांगतो. पण आधी थोडा वेळ बसू दे त्याला.