तीन इंच वर

(बोईसर, आत्मारामचं गॅरेज, सकाळचे अकरा. केळव्याहून आलेली, तीन इंच उंच केलेली जुनी जीप दारात. प्रणव खाली उभा. त्याची आई शालू पुढच्या डाव्या सीटवर बसूनच.)

आत्माराम : आणि मागचे दोन्ही शॉकअप एकाच दिवशी गेले? कमाल हाय. जुळ्या भावांत पण एवढी माया बघितली नाय मी.

प्रणव : एक लीक आहे काका, दुसऱ्याचा रॉडच बाहेर आला. रविवारी सूर्या नदीच्या पात्रात उतरलो होतो ना, ग्रुपबरोबर.

आत्माराम : नदीत उतरलास. बरं. मासे गावले?

प्रणव : ऑफ-रोडिंग म्हणतात त्याला.

आत्माराम : असेल बाबा. आमी सातपाटीला तीस वर्सं होड्यांची इंजिनं खोलली, पण होडी घेऊन रस्त्यावर फिरायला निघालेला एक पण खुळा भेटला नाय. गाडी घेऊन नदीत जाणारे मात्र आता महिन्याला चार येतात.

शालू : भावजी, त्याचं मनावर घेऊ नका. गाडीचे राहू द्या, दोन चांगले शॉकअप त्यालाच बसवा. फार उडायला लागलाय हल्ली.

आत्माराम : अगोबाई, वहिनी! तुमी आतच हाय होय? मला वाटलं मागं सामान ठेवलंय. उतरा की, चहा सांगतो.

शालू : उतरते ना. एमआयडीसीतनं एक क्रेन बोलवा. तारापूरला त्या मोठ्या टाक्या उचलतात बघा, तसली.

प्रणव : आई, स्टूल आणलंय ना मी.

शालू : हो, आणलंय ना! माझे दोन गुडघे गेलेले, त्या स्टुलाचा एक पाय आखूड. आमचं दोघांचं चांगलं जमतं.

आत्माराम : मग चढलात कशा?

शालू : ओट्यावरनं. प्रणवसाहेबांनी गाडी ओट्याला घासून उभी केली आणि मी सुपारीच्या पोत्यासारखी सरकले आत. आता परत ओटा येईपर्यंत मी गाडीतच. चहा वर पाठवा.

प्रणव : काका, आपण जरा शॉकअपचं बघूया का? पुढच्या रविवारी परत जायचंय.

आत्माराम : बघूया की. हे स्प्रिंगचे नवे पाटे बसवले तेव्हा मी काय बोललो होतो, आठवतं?

प्रणव : तुम्ही पुष्कळ काय काय बोलला होतात.

आत्माराम : बोललो होतो, गाडी तीन इंच उचललीस, आता शॉकअप पण तेवढे लांब घे. तू काय केलंस? जुने आखूड शॉकअप तसेच ठेवलेस. बिचारे सात महिने हात वर करून लटकले. पोलिसांनी पकडलेला माणूस पण एवढा वेळ हात वर ठेवत नाय.

प्रणव : मान्य. म्हणूनच या वेळी नीट अभ्यास करून मागवलेत. हा बघा खोका. हर्षितने सुचवले.

आत्माराम : हर्षित कोण?

प्रणव : ग्रुपमधला. त्याला सस्पेन्शनमधलं सगळं कळतं. त्याचे व्हिडिओ असतात.

शालू : ऐरोलीला विसाव्या मजल्यावर राहतो. त्याला खड्डा बघायचा झाला तर लिफ्टनं खाली यावं लागतं.

आत्माराम : खोका छान हाय हो. आत मखमल बिखमल हाय का? ... नाय. हां, हे घे. पूर्ण उघडला की किती होतो हा? एकवीस. माप किती दिलं होतंस त्यांना?

प्रणव : साडेसतरा. वरच्या बोल्टपासून खालच्या बोल्टपर्यंत. स्वतः गाडीखाली झोपून घेतलंय, दोनदा.

आत्माराम : साडेसतरा?

प्रणव : का? काय झालं?

आत्माराम : काय नाय. ये, टेप धर. खालचं टोक तिकडं लाव. हां. वाच आता.

प्रणव : साडे... वीस. असं कसं?

आत्माराम : मलाच विचारतोस? गाडी तुझी, टेप तुझा, अभ्यास तुझा. माप घेतलंस तेव्हा गाडीत मागं काय होतं?

प्रणव : काही नाही. म्हणजे, नारळ होते. पालघरला द्यायचे होते.

आत्माराम : किती?

प्रणव : तीनशे. असोले, सालीसकट.

शालू : अगं आई गं!

आत्माराम : तीनशे असोले नारळ भरून तू गाडीचं माप घेतलंस. म्हणजे पाहुण्याला पोटभर जेवू घालून मग त्याचं वजन केलंस की रे! गाडी बसली खाली तीन इंच, तू लिहिलंस साडेसतरा. आता रिकाम्या गाडीला हे बसवले तर शॉकअप आधीच साडेवीसवर ताणलेला, शिल्लक अर्धा इंच. पहिल्या खड्ड्यात राम म्हणेल.

प्रणव : मग नारळ भरूनच गेलो तर?

शालू : जा. नदीत नारळ सोडायला पौर्णिमेची वाट कशाला बघायची?

प्रणव : आई, प्लीज! काका, मग किती लांब घेऊ ते सांगा.

आत्माराम : ते सांगायला रोजचं वजन कळायला हवं. मी माप रिकाम्या गाडीवर पण घेत नाय आणि नारळावर पण घेत नाय. रोज जी माणसं बसतात त्यांना बसवायचं आणि मग टेप लावायचा. तुझ्या बाबांच्या, आमच्या दादांच्या वेळेपासनं तसंच हाय. तर सांग, रोज कोण कोण बसतं?

प्रणव : मी. आणि आई.

आत्माराम : आई रोज बसते?

प्रणव : रोज म्हणजे, जाते ना. कुठे जायचं असेल तर मीच नेतो.

आत्माराम : वहिनी, जरा हला बघू सीटवर.

शालू : हलले. ऐकलंत? चुरचुर. पापडाच्या डब्यावर बसल्यासारखं वाटतंय मला केळव्यापासून.

आत्माराम : सीटवरचं प्लास्टिक हाय ते. सात महिन्यांपूर्वी नवी सीट आली, तुझ्या बाजूचं फाटून चिंध्या झाल्या, ह्या बाजूचं अजून कोरं. रोज बसते म्हणतोस?

प्रणव : ती स्वतःच नाही म्हणते काका! मी दर सोमवारी विचारतो, आई, वाणगावला येतेस का, सुलूमावशीकडे. तर म्हणते कंटाळा आला.

शालू : विचारतो खरा. गाडीत बसून, इंजिन चालू ठेवून, हॉर्न वाजवून विचारतो.

आत्माराम : सुलूताईंची तब्येत कशी हाय आता?

शालू : डावं अंग गेलंय ते गेलंच. बोलते, पण शब्द अर्धा तोंडातच राहतो. तिच्या सुनेला, भाविकाला कळत नाय, मला कळतो. हे होते तेव्हा दर सोमवारी जायचो. मी तिची वेणी घालायची, हे बाहेर मिरच्यांच्या शेतात तिच्या मुलाशी गप्पा मारायचे. हे गेल्यापासून मी एकदाच गेले.

प्रणव : आणि तेव्हा तू गाडीतून उतरलीसच नाहीस! मी इतक्या लांब नेलं, तू खिडकीतून हात हलवलास आणि म्हणालीस, चल घरी.

शालू : उतरू कुठं? तिच्या दारात ओटा नाय.

प्रणव : मी उचलून उतरवतो म्हटलं होतं.

शालू : हो. तिच्या दोन्ही सुना दारात उभ्या, शेजारची माणसं कुंपणाला, आणि मला माझा मुलगा नारळाच्या पोत्यासारखी काखेत मारून उतरवणार. मग परत चढवणार. सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. सुलू पलंगावरनं बघत होती, तिनं उजवा हात वर केला. मी पण केला. झाली भेट.

प्रणव : मग रिक्षा करायचीस.

शालू : मी म्हटलं होतं रिक्षा. कोण बोललं, घरात एवढी गाडी असताना आई रिक्षानं गेली तर लोक काय म्हणतील?

आत्माराम : जाऊ दे, जाऊ दे. माप राहिलं. वहिनी, तुमी नीट टेकून बसा. पूर्वी तुमी बसलात की ही डावी बाजू चांगली अर्धं बोट दबायची. दादा तिकडं काडीसारखे, तुमी इकडं. मी दादांना बोलायचो, गाडी वळते आपोआप डावीकडं.

शालू : आणि हे हसायचे. मला सगळं ऐकू यायचं हां.

आत्माराम : थांबा. टेप लावतो. ... काय हो हे? दोन सूत पण दबली नाय.

प्रणव : नवे पाटे कडक आहेत काका.

शालू : हो. पाटेच कडक असतील.

आत्माराम : ब्लाउज पण पाट्यांमुळंच सैल झालाय का वहिनी?

शालू : तुमी गाडी बघा भावजी.

प्रणव : आई, तू जेवतेस ना नीट?

शालू : जेवते की. टीव्हीसमोर बसून, एकटी. तू नदीत असतोस.

आत्माराम : बरं प्रणवशेठ, निकाल सांगतो. ह्या उंचीला तुला पूर्ण उघडल्यावर चोवीस होणारे लागतील. मिळतील, मागवतो. नदी, डोंगर, सगळं कर. फक्त एक सांग, मला समजून घ्यायचंय. गाडी दादांची चांगली चालत होती. त्यांना जाऊन महिना झाला आणि तू वर उचललीस. कशाला?

प्रणव : ग्राउंड क्लिअरन्स वाढतो. दगड लागत नाहीत खाली.

आत्माराम : केळव्याच्या वाडीत दगड? तिथं पायाला वाळू लागते.

प्रणव : तुम्हाला खरं सांगू? पहिला महिना मला गाडीत बसवतच नव्हतं. सीट बाबांच्या मापाची, आरसा त्यांच्या मापाचा. काचेतून बघितलं की तेच कुंपण, तोच माड, बरोबर तेवढाच दिसायचा जेवढा त्यांना दिसत असणार. एकदा वाणगावच्या रस्त्याला गाडी बाजूला घेऊन अर्धा तास नुसता बसलो होतो. सीट बदलून बघितली, तरी तेच. मग हर्षित म्हणाला, उंच करून बघ, पूर्ण वेगळी गाडी होते. आणि झाली. कुंपणापलीकडचं दिसायला लागलं. मला बरं वाटलं. झालं समाधान?

शालू : एवढी उंच केलीस. भेटले का?

प्रणव : नाही.

शालू : मला पण नाय भेटले. मी ओट्यावर बसून बघत होते रोज.

आत्माराम : चहा आला. घ्या आधी. वहिनी, हा तुमचा, हात खाली करा. पुरत नाय? थांबा, मी टाचा वर करतो.

प्रणव : काका.

आत्माराम : बोल.

प्रणव : ते जुने पाटे... भंगारात गेले असतील ना?

आत्माराम : वहिनी, ऐकलंत?

शालू : ऐकलं. सात महिने लागले साहेबांना.

प्रणव : काय? काय चाललंय तुमचं दोघांचं?

आत्माराम : मागच्या खोलीत हायत. तेल लावून गोणपाटात बांधून ठेवलेत, गंजाचा ठिपका पण नाय. ज्या दिवशी काढले त्याच दिवशी ह्यांचा फोन. भंगारात देऊ नका, बोलल्या. तो स्वतःच्या तोंडानं विचारेल तेव्हाच द्या, तोवर नाव काढू नका.

प्रणव : आई! मला सांगायचं ना मग! एका शब्दाने सांगितलं असतंस तर...

शालू : काय सांगायचं? बाप गेल्यावर तू दोन आठवडे खोलीचं दार उघडलं नव्हतंस. मग हे गाडीचं वेड आलं डोक्यात आणि तू बाहेर तरी पडायला लागलास. जेवण मागायला लागलास. चिखलानं माखून घरी यायचास आणि मला शिव्या द्यायला निमित्त मिळायचं. मी म्हटलं, फिरू दे. सुलू कुठं पळून जात नाय.

प्रणव : आणि ती गेली असती तर?

शालू : तर तुझ्या ह्या गाडीला मी आयुष्यभर बोलले असते. तुला नाय, गाडीला.

आत्माराम : आता दोघं रडणार असाल तर गाडी बाहेर घ्या, इथं ऑइल सांडलंय, पाय घसरेल. आणि प्रणवशेठ, तो खोका परत पाठवू नकोस.

प्रणव : आखूड आहेत ना ते?

आत्माराम : वरच्या उंचीला आखूड. खालच्या उंचीला सुतात. साडेसतरा बोललास तेव्हाच मी ओळखलं. हे माप मला पाठ हाय, ते दादांच्या गाडीचं हाय. तीनशे नारळांनी तुझी गाडी दाबून बरोबर तिथं नेऊन ठेवली होती, जिथं ती आधी होती. तुझा तो हर्षित वीस मजले चढून जे शिकला नाय ते नारळांना कळलं.

प्रणव : किती वेळ लागेल?

आत्माराम : पाटे, शॉकअप, सगळं धरून चार वाजतील. पण चाकं काढायची म्हणजे वहिनींना उतरावं लागेल.

प्रणव : आई, ये. मी धरतो. इथे कोणी शेजारी नाहीत, सुना नाहीत. आत्मारामकाका तिकडे तोंड करतील.

आत्माराम : केलं. बघा, भिंतीकडं बघतोय. कॅलेंडर बघतोय.

शालू : थांब रे, घाई करू नकोस. आधी तो फोन लाव वाणगावला.

प्रणव : आत्ता?

शालू : आत्ता. लागला? दे इकडं. ... कोण, भाविका? मी शालूमावशी. सुलू जागी हाय का गं? तिच्या कानाला लाव फोन. लावलास? ... सुलू, मी गं. ऐक, बोलू नकोस तू. आज सोमवार नाय, मला ठाऊक हाय. तरी पाच वाजता येते. तेल कोमट करून ठेवायला सांग भाविकाला, आणि फणी माझ्या हाताशी राहील अशी. काय? ... नाय गं, नाय. आज खिडकीतनं नाय. उतरून येते.