घट्ट पुंगळी

(आसेगावातल्या घराची ओसरी. सतरंजीवर निताची रायफल, शेजारी पितळेच्या रिकाम्या पुंगळ्या, म्हणजे पुन्हा भरून वापरायची काडतुसांची कवचं. निता आणि तिचे वडील भाऊसिंग बसलेले, दारात आई रुपाबाई. मोठा भाऊ बबलू बाहेर गेलेला.)

निता : नाही म्हंजे नाही, बा. पुंगळी आत जाईना, तं बोल्टवर मी जोर लावनार नाही.

भाऊसिंग : फौजेत जलमभर बंदुकाच दुरुस्त केल्या मी. पुंगळी थोडी घट्ट राह्यतेच.

निता : रिकामी असून अडकून राह्यली. उद्या दारू भरलेली अडकली, तं स्पर्धेत मी काय करू?

भाऊसिंग : चेंबरात मळ असन.

निता : सकाळीच साफ केलं. माह्या आधीच्या पुंगळ्या अलगद जातात. तुमी देल्या त्याच अडतात.

भाऊसिंग : मंग लांबल्या असतीन.

निता : मोजल्या. लांबी बरोबर हाये, बुडाशी फुगल्या. पुंगळी ज्या रायफलीत फुटते तिच्याच मापाची होते, हे तुमीच शिकवलं ना?

भाऊसिंग : हो. मंग?

निता : मंग या माह्या रायफलीत फुटल्याच नाहीत. बबलूची रायफल आना.

भाऊसिंग : त्याच्या रायफलीले हात नको लावू.

रुपाबाई : मी आनली. घे, पोरी.

निता : पाह्य याडी, गेली! एका बोटानं गेली. बा, क्लबातून मले नव्या आनल्या म्हने तुमी!

भाऊसिंग : नव्या कमीच भेटल्या. त्या बबलूले देल्या. त्याच्या जुन्या चिंचेनं घासून चमकवल्या, अन् तुले...

रुपाबाई : तरीच मडक्यातली चिंच सरली! अन् मी शेजारनीवर आळ घेऊन राह्यली.

भाऊसिंग : खेळाडूच्या कोट्यातून नोकरी लागन त्याले, रुपा.

निता : मले नोकरी नको काय? त्याची जुनी सायकल चालवली, त्याचे बूट घातले, कधी हूं का चूं केलं नाही. पन बा, हे काडतूस डोळ्यापाशी फुटते. मी तुमची पोरगी हाव.

रुपाबाई : ऐकलं ना? पोरीच्या जिवाचा खेळ हाये हा.

भाऊसिंग : चुकलं माह्यं. उद्या तू आधीच्याच घेऊन जाय.

निता : त्या सरावालेही पुरत नाहीत. नव्या मले द्या. जुन्या बबलूच्या रायफलीत नीट बसतात, त्याच्या त्याले.

भाऊसिंग : तो आकांडतांडव करन. त्याले काय सांगू?

निता : मले आजवर जे सांगत आले, तेच. जुन्यावर भागव म्हना.