सरकारची वेस

१९४३ साली वडगाव स्टेशनात माझ्या शेजारी हिरी आणि तिची मावशी पुण्याच्या गाडीची वाट बघत होत्या.

"हिरे, तुझा नवरा खरंच सुटला?"

"व्हय मावशी. चौकशीबिगर डांबायचा हुकूमच घटनाबाह्य निघाला."

"काय बाह्य?"

"वकील म्हनले, सरकारलाबी मोठ्या कायद्याची वेस असती. तिच्या भाईर जाऊन काडलेला हुकूम कोर्टात टिकत न्हाई."

"म्हंजे कान्हू न्हाई, सरकारच चुकलं?"

"व्हय!"

"अगं, मग हसतीस का रडतीस?"

"दोनी. गाडी आली! अवो, हिकडं, हिकडं!"

कान्हू उतरला.

"हिरे, मागल्या वाटंनं जाऊ. लोक बघत्याल."

"बघू द्या की! चावडीसमोरनंच जायाचं. अन् सावकाश चाला."